मागच्या खुर्चीवरून

४ फेब्रुवारी, बुधवार

माझे लेकी,

तुझ्या डोक्यावर हात ठेवते आहे असं समज. हात एवढा लांब पोचत नाही, पण तू मान खाली घातलीस तर पोचेल. ती तू कधी घातली नाहीस, हा भाग वेगळा.

पत्र कशाला, फोन का नाही, असं म्हणशील. फोनवर भिंगरी शेजारी बसलेली असते आणि माझा आवाज तुला ठाऊक आहे. मी कानात सांगितलेलं गुपित चार घरं सोडून पाचव्या घरात ऐकू जातं. म्हणून कागद. अक्षर वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या खेळाच्या बाईंचं आहे. शाळेत शिट्टी वाजवून पोरांना पळवायच्या. निवृत्त झाल्या, पण शिट्टी अजून गळ्यात आहे. मी बोलेन तसंच लिहायचं, एक शब्द सुधारायचा नाही, असं ठरलंय. मला वाचता येत असतं तर तुझ्या बापाशी लग्नच केलं नसतं. त्याची पत्रं दुसऱ्याने वाचून दाखवली म्हणून गोड लागली.

आता मुद्द्याचं. भिंगरी फिट येऊन जिन्यावरून पडली तेव्हा तू जाताना सांगून गेलीस, "आई, हिला बसवून ठेव. हलू देऊ नकोस." मी बसवली. माझा धंदा गाद्यांचा. टेबलाचे कोपरे, दाराच्या चौकटी, न्हाणीघराचा उंबरा, सगळ्यांना कापूस भरून खोळी शिवल्या. आमच्या घरात आता टोक असलेली एकच वस्तू उरली आहे, माझी जीभ. पोरगी दुकानात बसते, दाभणात दोरा ओवून देते, परत बसते. जिचं नाव भिंगरी ठेवलं ती सतराव्या वर्षी उशीसारखी झाली.

दवाखान्यात मेंदूची नवी डॉक्टरीण आली आहे. तुझ्याहून लहान असेल. ती म्हणाली, "आजी, अपस्मार आहे म्हणून तुम्ही हिला बसवलीत. बसून बसून हिचं अंग जड झालं, झोप बिघडली, मन खाली गेलं. याचा आठवणीवरही वाईट परिणाम होतो." ती काही जणांची तुकडी करते आहे. जागेवरची सायकल आणि भरभर चालणं, शेजारी नर्स. गोळ्या चालूच राहणार. उंचावर चढायचं नाही, पाण्यात एकटीने जायचं नाही. "फिट थांबेल असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "आठवण सुधारते का ते बघायचं आहे. आधी परीक्षा, चार महिन्यांनी परत परीक्षा."

मी म्हटलं, हिच्या आईला विचारते. आणि बघ, विचारते आहे. पोरगी तीनदा जाऊन आली आहे, पण विचारते आहे.

पहिली परीक्षा झाली. पंधरा शब्द वाचून दाखवतात, थोड्या वेळाने विचारतात. पोरगी एकटी नको म्हणून मी परीक्षावाल्या ताईच्या मागच्या खुर्चीवर बसले होते. पंधरापैकी तेरा! तू म्हणत होतीस ना, ही सगळं विसरते, हिला तसल्या मुलींच्या वसतिगृहात ठेवावं लागेल? तेरा गं. आता ते खूळ डोक्यातून काढ.

तुझी आई

(आजींना मी अजून आठवड्यातून दोनदा जिना चढायला लावते आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. – खेळाच्या बाई)


२२ मार्च, रविवार

माझे लेकी,

तुझं पत्र आलं. बाईंनी वाचलं. "मला न विचारता केलंस" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, एकदा तुझ्यासाठी आणि एकदा स्वतःच्या मजेसाठी. तुझी अट समजली. आकडा चांगला आहे म्हणून चालू दे. पण शेवटच्या परीक्षेत तो खाली आला, तर सायकल बंद आणि वसतिगृह. ठीक आहे. तू तिथे परक्या म्हाताऱ्यांना उठवतेस, बसवतेस, चालवतेस, आणि रात्रंदिवस जीव इथे टांगलेला. अट घालायचा तुझा हक्क आहे.

ती सायकल एकदा बघायला ये. चाक फिरतं, घाम गळतो, आणि माणूस जिथल्या तिथे. पहिल्या दिवशी मी विचारलं, बिघडली आहे का? नर्स हसून हसून खाली बसली. आता रोज आमचं हेच चालतं:

"आजी, आज किती लांब गेले सांग!"

"भिंतीपर्यंतसुद्धा नाही."

"सहा किलोमीटर! तिथे दिसतं!"

"मग येताना साबण का नाही आणलास?"

आणि परवा खरंच आणला. ऐक. साबण, काडेपेटी, जाड दोरा, एवढं सांगून तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं. पूर्वी ती दुकानापर्यंत जायची, तिथे उभी राहून माझ्या खिडकीकडे बघायची, मग मी इथून ओरडायची. परवा मी खिडकीत जाऊन उभी राहिले, सवयीने. तिने वर पाहिलंच नाही. तिन्ही वस्तू आणल्या आणि वर म्हणते, "दुकानदाराची बायको पाय घसरून पडली, तुला येऊन जायला सांगितलंय." निरोप! आमच्या पोरीने निरोप आणला! हिच्याजवळ निरोप द्यायचा म्हणजे चाळणीत पाणी भरायचं, असं आम्ही हसून म्हणायचो. हसायचो कशाला कोण जाणे.

आता एक लपवणार होते. बाईंनी लेखणी खाली ठेवली, म्हणून सांगते. गेल्या आठवड्यात तिला फिट आली. सायकल झाल्यावर बाकावर बसली होती. नर्सने कुशीवर वळवली, तोंडात काही घातलं नाही, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर ठेवला आणि थांबली. ओसरली. डॉक्टरीण म्हणाली, "व्यायामाने आली असंही म्हणता येत नाही, नाही आली असंही नाही. तिला अधूनमधून येतातच. मी लक्ष ठेवते." मी पोरीची चप्पल हातात घेऊन म्हटलं, चल घरी, पुरे झालं. तर डोळे नीट उघडायच्या आत तिने विचारलं, "परवा आहे ना?"

तेव्हा मी गप्प बसले. मी गप्प बसले हे बाईंनी मुद्दाम ठळक लिहिलंय म्हणे.

तेरा या आकड्याचा तू फार विचार करू नकोस. आकड्यांचं काय, आज एक, उद्या एक.

तुझी आई


२१ मे, गुरुवार

माझे लेकी,

दवाखान्याचा कागद तुला थेट पोचेल. त्याआधी मी सांगते. अकरा.

या वेळी नातेवाइकांना आत सोडलं नाही. मी बाहेर बाकावर होते. पोरगी धावत बाहेर आली. "आजी, अकरा! सगळे माझे मी सांगितले!" मला अशी मिठी मारली की माझा चष्मा तिच्या केसांत अडकला. मग डॉक्टरणीने आत बोलावलं, कागद उघडला. "आधी तेरा होते," ती म्हणाली.

भिंगरी म्हणाली, "म्हणजे मी कमी झाले?"

लेकी, ती "कमी पडले" म्हणाली नाही. "कमी झाले" म्हणाली.

डॉक्टरणीने समजूत घातली, थोडं इकडेतिकडे होतं, दिवस चांगला-वाईट असतो. पण सांगायचं ते सांगितलं. हिच्या बाबतीत फायदा दिसत नाही, पुढच्या तुकडीला जागा हवी आहे. मी मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. तिचे बंद सोडले, पुन्हा बांधले.

तेव्हापासून ती दुकानातल्या नमुन्याच्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडते. गिऱ्हाईक आलं तरी उठत नाही. एकाने विचारलं, ही पण विकायची का? मी त्याला दोन उशा न देताच हाकलला. बाई सकाळी चालायला बोलवायला येतात. "काय उपयोग?" एवढंच म्हणते.

इतक्यात काही ठरवू नकोस. का, ते विचारू नकोस.

तुझी आई


२ जून, मंगळवार

माझे लेकी,

तुझं पत्र काल वाचून झालं. वसतिगृहात जागा धरलीस, महिनाअखेर येऊन तिला नेणार. "व्यायामाने तिचं होतं तेही डोकं गेलं, आणि तू करू दिलंस," असं लिहिलंस. बाईंनी हे एकदाच वाचलं, तेही हळू.

तेव्हा आता ऐक. खुर्चीला टेकून ऐक.

तिचं डोकं गेलं नाही. तो तेराचा आकडा तिचा नव्हता. तो माझा होता.

परीक्षावाल्या ताईने पंधरा शब्द वाचले. तिला कागद बघावा लागत होता. माझ्या एकदा कानावर पडले ते बसले डोक्यात. ज्याला लिहिता येत नाही त्याला विसरणं परवडत नाही. मग विचारायची वेळ आली. भिंगरीने सांगितले चार, मग पाचवा, आणि थांबली. ताईने वाट पाहिली. ताईची भुवई हलली. आणि पोरीने माझ्याकडे पाहिलं.

ती नेहमीच माझ्याकडे बघते गं. शेजारीण विचारते, जेवलीस का? ती माझ्याकडे बघते, मी सांगते, हो जेवली. गोळी घेतलीस? मी सांगते. साखर किती घालू? मीच सांगते. तिला कोपरा लागू नये म्हणून घर मऊ केलं आणि प्रश्न लागू नये म्हणून मी मध्ये बसले.

मी मागच्या खुर्चीवरून नाकाला बोट लावलं. "नाक!" ती म्हणाली. ताईने कागदावर खूण केली. मग मला चेव आला. पाय उचलून चप्पल दाखवली. दोन बोटांची कात्री केली. डोक्यावर पंजा धरून छत्री. मिशा ओढून मांजर. असेच आणखी तीन. लग्नाच्या पंगतीत तुझ्या काकाने नक्कल करावी तशी मी, या वयात, डॉक्टरणीच्या खोलीत. नदी म्हणून हात वळवत नेला तर पोरगी म्हणाली, "साप." तो चुकला. आणखी एक राहिला, पिशवी. पिशवी माझ्या मांडीवरच होती आणि मला ती उचलायचं सुचलं नाही. तेरा झाले. ताई म्हणाली, वा! आणि मी, लेकी, मी खूश झाले. परीक्षा माझीच झाली होती.

का केलं, तर त्या कागदावर काहीतरी लिहिलं जाईल, तो कागद तुला पोचेल आणि तू तिला घेऊन जाशील म्हणून. आता बघ, त्याच कागदामुळे तू तिला नेते आहेस. माझ्या हाताने विणलेल्या जाळ्यात माझाच पाय.

तिचे खरे होते पाच, फार तर सहा. तिथून ती अकरावर आली. एकटीने आली, मी बाहेर असताना. आणि मी ते "कमी" करून ठेवलं. तिला खुणा आठवत नाहीत. आठवल्या असत्या तर मुळात खुणा लागल्या नसत्या. तेरा आपलेच होते असं तिला वाटतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आहे, आणि तिला उठवील असं एक वाक्य माझ्यापाशी आहे, आणि मी तिच्या शेजारी बसून गाद्यांना टाके घालते आहे.

इथे बाईंनी लिहायचं थांबवलं. उठून पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "आजी, मी त्या मुलीला काय म्हटलं ठाऊक आहे? तू मन लावलं नाहीस म्हणून आकडा उतरला. ती सॉरी म्हणाली मला." एवढं बोलून पुन्हा बसल्या. आता लिहितायत, पण लेखणी दाबून. कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवून बघ, कळेल.

गुरुवारी मी डॉक्टरणीकडे जाते आणि भिंगरीच्या समोर सांगते. डॉक्टरीण रागावेल, रागावू दे, तिचं शिक्षणच त्याचं आहे. मला भीती पोरीची वाटते. जगात आपल्या बाजूचं एक माणूस आहे असं तिला वाटतं.

तू वसतिगृहाचं थांबव. माझ्या शब्दावर नको. माझ्या शब्दाची किंमत मी वर सांगितलीच. तिला स्वतःला विचारून ठरव. आणि विचारशील तेव्हा मला खोलीबाहेर काढ.

तुझी आई


१४ जून, रविवार

माझे लेकी,

सांगितलं.

डॉक्टरणीने आधी विश्वास ठेवला नाही. मग मी तिला मांजर करून दाखवलं. ती हसली नाही. हसेल असं मला वाटलं होतं. म्हणाली, "आजी, इतक्या लोकांचे आकडे जोडून आम्ही बघतोय की हे खरंच उपयोगी पडतं का. तुमच्या नातीसारख्या पुढच्या मुलींसाठी. एक खोटा आकडा आत गेला की सगळ्यांच्या उत्तरात माती." मी म्हटलं, आमचा कागद फाडा, पण पोरीला परत घ्या.

तिने कागद पुन्हा उघडला. मग म्हणाली, "कागद अभ्यासातून काढते. ती सायकलला येऊ दे. पण एक ध्यानात ठेवा. पहिला खरा आकडा आता कधीच मिळणार नाही. ती सुधारली असं तुम्हाला वाटतं, मलाही वाटतं. पण किती, आणि सायकलने की आणखी कशाने, हे मी कुणालाच सांगू शकणार नाही."

हे माझ्या पदरात कायमचं पडलं. पोरीने घाम गाळून जे मिळवलं त्याचं मोजमाप मी पुसून टाकलं. आता पाच की सहा, हे मी म्हणते म्हणून. आणि मी कोण म्हणणार?

भिंगरी शेजारीच बसून हे सगळं ऐकत होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी सवयीने तिचा दंड धरायला गेले. तिने हात काढून घेतला आणि कठड्याला धरून उतरली.

तुझा फोन आला तेव्हा ती तो घेऊन रस्त्यावर गेली. तुमचं काय बोलणं झालं ते मला तिने सांगितलं नाही, बाईंना सांगितलं; म्हणजे माझ्यापर्यंत यायला जिना चढावा-उतरावा लागला. "मी जाणार नाही, मी सायकलला जाणार आहे, तू येऊन बघ," असं ती तुला म्हणाली म्हणे. आणि तू वसतिगृहाची जागा सोडलीस. सोडलीस ना? बाई म्हणतात सोडलीस. बाईंच्या तोंडून ऐकलेलं मी पुन्हा तुझ्याकडून ऐकायला मागते आहे, कारण सध्या माझा माझ्यावरही भरवसा नाही.

आता ऐक खरी बातमी. पोरगी माझ्याशी बोलत नाही.

तुला आठवतं का, आमची भांडणं कशी असायची? सकाळी मी तिला काही टोचून बोलायची, ती रडायची, आणि संध्याकाळी येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. आपण का रडलो होतो तेच तिला आठवायचं नाही. मी म्हणायची, किती निर्मळ मनाची आहे गं. निर्मळ कसलं. मला फुकट माफी मिळत होती. मी ती वर्षानुवर्षं घेतली, आणि तिच्या आजारातून घेते आहे हे मनाला शिवू दिलं नाही.

या वेळी संध्याकाळ झाली, मी मांडी मोकळी ठेवून बसले. आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आज दहा दिवस झाले. दाभणात दोरा ओवून देते, पण माझ्या हातात देत नाही, गादीवर ठेवते. बाईंबरोबर चालायला जाते, आणि मी चपला घालायला लागले की म्हणते, "तू नको." सायकलच्या खोलीच्या दारात मला थांबवते. नर्सने परवा विचारलं, "झोप लागली का नीट?" माझं तोंड उघडलं होतं. पोरीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लागली," म्हणाली. "पण पहाटे जाग आली, ते लिहून घ्या."

काल मला राहवलं नाही. "अजून राग आहे का गं?" मी विचारलं.

"आहे."

"कशाचा ते तरी आठवतंय का?" मी हे थट्टेने विचारलं. जीभच तशी आहे.

तिने हातातला दोरा खाली ठेवला आणि सांगायला लागली. परीक्षेतलं सांगितलं. मी "कमी झाले" म्हणाले तेव्हा तू पिशवी धरून बसली होतीस, ते सांगितलं. मी गादीवर पडले होते आणि तू शेजारी टाके घालत होतीस, ते. माझ्या सायकलवर हसलीस, ते. बाईंना मी सॉरी म्हटलं, ते तुझ्यामुळे. एकामागून एक, न अडता, वर न बघता. मी उभी राहून सगळं ऐकलं. त्यातल्या दोन गोष्टी मी विसरले होते.

मला रडू आलं. कशाचं, ते बाईंनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच ठरवा, मला वेगळं काढता येत नाही.

तू येणार आहेस आणि माझ्याशी भांडणार आहेस, हे कळलं. जरूर ये. मोठ्याने भांड. पण येऊन रांगेत उभी राहा. तुझ्या लेकीचं अजून संपलेलं नाही.

तुझी आई